निर्भीड वाणी, निर्मळ इबादत : हिब्रू पैगंबरांचा इतिहास

जगाच्या इतिहासात राजांच्या स्तुतीचे शिलालेख पुष्कळ सापडतात. इजिप्तच्या फेरोंनी आणि असिरियाच्या सम्राटांनी आपल्या पराक्रमाच्या कथा दगडावर कोरून ठेवल्या. परंतु आपल्याच राजाचे, पुरोहितांचे, व्यापाऱ्यांचे आणि समाजाचे दोष ज्यांनी भर उत्सवात बोलून दाखविले, त्यांचे शब्द त्याच समाजाने अडीच हजार वर्षांहून अधिक काळ जिवापाड जतन करावेत, असे उदाहरण क्वचितच आढळते. हिब्रू पैगंबरांची परंपरा हे असे उदाहरण आहे. प्रस्तुत लेखात या परंपरेतील दोन गोष्टींचा विचार करावयाचा आहे. एक, त्यांचा निर्भीड उपदेश. आणि दुसरी, निष्कपट उपासनेविषयी त्यांनी धरलेला आग्रह. या दोन गोष्टी वरवर निराळ्या दिसल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे, हे दाखविण्याचा माझा प्रयत्न आहे.

विषयाला हात घालण्यापूर्वी एक खुलासा करणे जरूर आहे. बनी इस्राईलमध्ये होऊन गेलेल्या ह. मूसा, ह. हारून, ह. दाऊद, ह. सुलेमान, ह. इलियास, ह. अल्-यसा (अलैहिमुस्सलाम) अशा अनेक पैगंबरांचा उल्लेख कुराण शरीफमध्ये आहे. आमोस, होशेय, यशया, मीखा, यिर्मया ही नावे मात्र त्यात येत नाहीत. यशया व यिर्मया यांची हकीकत तबरीसारख्या (मृत्यू इ. स. ९२३) मुस्लिम इतिहासकारांनी शाया व इरमिया या नावांनी दिली आहे. काही रसूलांची हकीकत सांगितली आणि काहींची सांगितली नाही, हेही कुराण स्वतःच स्पष्ट करते. तेव्हा या पुरुषांच्या दर्जाचा निर्णय हा उलेमांचा विषय होय. मी इतिहासाचा शिक्षक आहे आणि त्याच नात्याने लिहीत आहे. त्यांची माहिती यहुदी धर्मग्रंथांत मिळते, आणि गेल्या पावणेदोनशे वर्षांतील उत्खननांनी त्यांच्या काळावर चांगलाच प्रकाश टाकला आहे.

दोन राज्ये आणि एक द्राक्षमळा

ह. सुलेमान (अ.) यांच्यानंतर, इ. स. पूर्व ९३० च्या सुमारास, बनी इस्राईलच्या राज्याचे दोन तुकडे झाले. उत्तरेकडील राज्याला इस्राएल म्हणत. पुढे त्याची राजधानी शोमरोन झाली. दक्षिणेकडील राज्य यहूदा; त्याची राजधानी यरुशलेम, म्हणजे आपले बैतुल मुकद्दस. दोन्ही राज्ये लहान होती. एका बाजूस इजिप्त आणि दुसऱ्या बाजूस प्रथम असिरिया व नंतर बाबिलोन, अशा बलाढ्य सत्तांच्या कात्रीत ती सापडली होती.

उत्तरेकडे अहाब नावाचा राजा झाला. त्याचे अस्तित्व केवळ धर्मग्रंथावर अवलंबून नाही. असिरियाचा राजा तिसरा शाल्मनेसर याने इ. स. पूर्व ८५३ च्या कर्कार येथील लढाईचा जो शिलालेख कोरविला, त्यात शत्रुपक्षाच्या राजांमध्ये अहाबचे नाव आहे. या अहाबच्या दरबारी बाल नावाच्या दैवताची पूजा सुरू झाली आणि तिच्याविरुद्ध ह. इलियास (अ.) उभे राहिले. कुराणातही त्यांनी आपल्या लोकांना बालच्या पूजेबद्दल जाब विचारल्याचा उल्लेख आहे.

यहुदी ग्रंथात त्यांची आणखी एक हकीकत येते. अहाबच्या वाड्याला लागून नाबोथ नावाच्या गृहस्थाचा द्राक्षमळा होता. राजाला तो भाजीच्या बागेसाठी हवा होता. त्याने पैसे देऊ केले, बदल्यात दुसरा मळा देऊ केला. नाबोथने वाडवडिलांची जमीन विकण्यास नकार दिला. राजा रुसून, अन्नपाणी सोडून पडून राहिला. तेव्हा राणी ईजबेलने काय केले? तिने राजाच्या मोहोरेची पत्रे गावच्या पुढाऱ्यांना पाठवून गावात उपवास जाहीर करविला. त्या उपवासाच्या सभेत नाबोथला मानाच्या जागी बसविण्यात आले, दोन भाडोत्री साक्षीदारांनी त्याच्यावर ईश्वरनिंदेचा व राजनिंदेचा आरोप केला, आणि त्याला गावाबाहेर नेऊन दगडांनी ठार मारण्यात आले. राजा मळ्याचा ताबा घेण्यास गेला, तर तेथे ह. इलियास (अ.) त्याच्यासमोर येऊन उभे! खुनाचा आणि लुटीचा जाब त्यांनी राजाला तोंडावर विचारला.

या कथेत बारकाईने पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे तो उपवास. एका निरपराध माणसाच्या खुनाची तयारी धार्मिक विधीच्या आडून झाली. हिब्रू पैगंबरांचा सारा राग याच प्रकारावर आहे. उपवासाच्या अशा आणखी दोन हकीकती पुढे येतील. वाचकांनी ही पहिली ध्यानात ठेवावी.

ह. इलियास (अ.) यांचे नाव आपल्या कोकणालाही परके नाही. अलिबाग, पेण, रोहे या भागांतील मराठी बोलणारे बेने इस्राएल, ज्यांना गावकरी ‘शनिवार तेली’ म्हणत, त्यांना ‘एलियाहू हन्नाबी’ म्हणतात आणि त्यांच्या स्मरणार्थ घरोघरी मलिदा करतात. अलिबागजवळच्या खंडाळे गावी त्यांचे पाऊल लागले होते, अशी त्या समाजाची श्रद्धा आहे. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्राएल देशात गेली. तरी जी उरली आहेत आणि जी गेली आहेत, त्या दोघांनीही ही आठवण राखली आहे.

मेंढपाळ आमोस

अहाबनंतर सुमारे शंभर वर्षांनी, इ. स. पूर्व ७६० च्या आसपास, आमोस यांचा काळ येतो. ते यरुशलेमच्या दक्षिणेस सुमारे सोळा किलोमीटरवर असलेल्या तकोवा गावचे. व्यवसाय मेंढपाळाचा, आणि त्या जोडीला एका जातीच्या उंबराची मशागत. आपल्याकडील उंबराच्याच कुळातले ते झाड. त्याची फळे पिकावीत म्हणून कच्ची असतानाच प्रत्येक फळाला टोचा मारावा लागे. गोरगरिबांचे हे फळ. असा हा माणूस, ज्याच्या घराण्यात धर्मोपदेशाचा धंदा नव्हता, आपले राज्य ओलांडून उत्तरेकडील बेथेल या तीर्थक्षेत्री गेला.

तो काळ उत्तर राज्याच्या भरभराटीचा होता. दुसरा यराबाम राजा सुमारे चाळीस वर्षे गादीवर होता. सरहद्दी वाढल्या होत्या, व्यापार वाढला होता, यात्रांना गर्दी होती. शोमरोनच्या उत्खननात १९१० मध्ये शंभराच्या आसपास लेख असलेली खापरे सापडली. कोणत्या गावाहून राजधानीत किती जुने मद्य आणि किती शुद्ध तेल आले, याच्या नोंदी त्यांवर आहेत. १९३० नंतरच्या उत्खननात हस्तिदंती नक्षीचे शेकडो तुकडे मिळाले. ते श्रीमंतांच्या लाकडी सामानावर जडवलेले असत. आमोस हस्तिदंती पलंगांवर लोळणाऱ्या धनिकांचा जो उल्लेख करतात, तो कल्पनेतला नव्हता हे यावरून दिसून येते.

या वैभवाची दुसरी बाजू आमोस यांनी दाखविली. क्षुल्लक कर्जापायी गरीब माणूस गुलाम म्हणून विकला जात होता. न्यायाधीश लाच खात होते. धान्याचे व्यापारी शब्बाथचा पवित्र दिवस कधी एकदा संपतो आणि दुकान कधी उघडतो याची वाट पाहात. मग लहान मापाने धान्य देत, जड वजनाने चांदी घेत, आणि धान्यात कोंडा मिसळत. गहाण पडलेल्या गरिबांच्या अंगावरची वस्त्रे अंथरून काही लोक देवळातल्या वेदीजवळ आरामात लवंडत.

हा शेवटचा मुद्दा आजच्या वाचकाला किरकोळ वाटेल. परंतु ह. मूसा (अ.) यांच्या शरीअतीत स्पष्ट हुकूम होता की, गरिबाची चादर गहाण घेतली तर सूर्यास्तापूर्वी परत करावी, कारण रात्री अंगावर घेण्यास त्याच्याजवळ दुसरे काही नसते. १९६० मध्ये समुद्रकिनाऱ्याजवळच्या एका जुन्या किल्ल्यात इ. स. पूर्व सातव्या शतकाच्या अखेरचे एक लेखयुक्त खापर सापडले. तो एका शेतमजुराचा अर्ज आहे. मी नेमून दिलेली कापणी पुरी केली, तरी अमक्याने माझे वस्त्र काढून नेले. माझे सोबती साक्ष देतील. हाकिमसाहेबांनी ते मला परत मिळवून द्यावे, असा त्याचा आशय आहे. त्या मजुराचे वस्त्र परत मिळाले की नाही याची नोंद उरलेली नाही. परंतु पैगंबरांनी ज्यांची बाजू घेतली त्यांतल्या एकाचा आवाज मात्र आपल्यापर्यंत पोचला आहे.

आमोस यांच्या उपदेशाची पद्धत शिक्षकांनी अभ्यासावी अशी आहे. त्यांनी आरंभी शेजारच्या राष्ट्रांचे गुन्हे सांगितले. दमास्कसची क्रूरता, संपूर्ण वस्त्या गुलामगिरीत विकणारे गाझा, सोरचा विश्वासघात, मग एदोम, अम्मोन, मोआब. शेजाऱ्याचे दोष ऐकताना श्रोत्यांना बरेच वाटले असणार. त्यानंतर त्यांनी स्वतःच्या यहूदा राज्याचे नाव घेतले. आणि सर्वांत शेवटी, सर्वांत विस्ताराने, समोर बसलेल्या इस्राएलचे! परक्याच्या घरातली घाण दाखवून मिळणारी वाहवा त्यांनी शेवटच्या क्षणी धुडकावून लावली. ईश्वराने तुम्हाला निवडले आहे, म्हणूनच तुमचा हिशेब अधिक कडक होईल, असा त्यांच्या सांगण्याचा रोख होता.

यात्रा, मिरवणुका, बळी आणि गाणीबजावणी यांविषयी त्यांनी जे सांगितले त्याचा आशय असा : ईश्वराला या सोहळ्यांचा वीट आला आहे; त्याला न्यायाचा अखंड वाहणारा प्रवाह हवा आहे. बेथेलचा मुख्य पुरोहित अमस्या हे ऐकून हादरला. त्याने राजाकडे तक्रार केली आणि आमोस यांना बजावले की, हे राजाचे देवस्थान आहे, येथे बोलू नका. आपल्या मुलखात जा आणि तेथे उपदेश करून पोट भरा. अमस्याच्या या बोलण्यात दोन गृहीत गोष्टी आहेत. देवस्थान राजाचे आहे ही एक, आणि उपदेश हा पोटाचा धंदा आहे ही दुसरी. आमोस यांनी दोन्ही खोडून काढल्या. आपण धंदेवाईक उपदेशक नाही, आपले पोट मेंढरांवर आणि उंबरांवर चालते, आणि आपल्याला पाठविणारा कोणी राजा नाही, असे उत्तर त्यांनी दिले. ज्याची रोजीरोटी दरबाराच्या हातात नाही त्याची जीभ मोकळी असते, हा धडा या प्रसंगातून मिळतो.

पुढे चाळीसएक वर्षांत, इ. स. पूर्व ७२२ च्या सुमारास, असिरियाने शोमरोन जिंकले. सम्राट सर्गोनच्या शिलालेखात २७,२९० लोकांना हद्दपार केल्याचा आकडा आहे. उत्तरेचे राज्य जे नाहीसे झाले ते कायमचे.

यशया, मीखा आणि खरा उपवास

आता दक्षिणेकडे वळू. यशया हे यरुशलेम शहरातले, राजांशी प्रत्यक्ष बोलणारे. इ. स. पूर्व ७४० च्या सुमारास राजा उज्जीया वारला, त्या वर्षी त्यांना मंदिरात ईश्वरी साक्षात्कार झाला. तेथे त्यांच्या तोंडून प्रथम काय निघाले? लोकांची निंदा नव्हे. आपलेच ओठ अपवित्र आहेत, ही कबुली. ती शुद्धी झाल्यावरच त्यांना लोकांकडे पाठविण्यात आले. निर्भीड उपदेशाची सुरुवात स्वतःच्या तपासणीपासून होते, ही गोष्ट या परंपरेत पायाभूत आहे. हा साक्षात्कार मंदिरातच झाला, हेही विसरता कामा नये. हे लोक इबादतीचे शत्रू नव्हते. ते इबादतीचे खरे कैवारी होते, म्हणून तिचे सोंग त्यांना सहन होत नव्हते.

यशया यांचा आरोप असा की, प्रार्थनेसाठी उंचावलेले हात रक्ताने भरलेले आहेत. ईश्वर अशा दुआ ऐकत नाही. आधी हात धुवा, म्हणजे जुलूम थांबवा, अनाथाला न्याय द्या, विधवेची बाजू घ्या. घराला घर आणि शेताला शेत जोडत जाणाऱ्या, गरिबाला जमिनीवरून उठविणाऱ्या धनिकांना आणि अन्यायाचे कायदे लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांना त्यांनी कठोर शब्दांत बजावले.

यशयांच्या नावाच्या ग्रंथाचा उत्तरभाग बाबिलोनच्या बंदिवासाच्या काळातला व त्यानंतरचा आहे असे बहुतेक अभ्यासक मानतात. उपवासाची दुसरी हकीकत तेथे आहे. लोक तक्रार करतात : आम्ही उपवास करतो, तरी ईश्वर लक्ष का देत नाही? उत्तर मिळते ते असे की, उपवासाच्या दिवशीही तुम्ही मजुरांना राबवून घेता, भांडता, मारामाऱ्या करता. ईश्वराला आवडणारा उपवास म्हणजे जुलमाच्या बेड्या तोडणे, भुकेल्याला आपल्या भाकरीतला वाटा देणे, निराश्रिताला घरात घेणे, उघड्याला वस्त्र देणे. यहुदी लोक आपल्या सर्वांत मोठ्या उपवासाच्या दिवशी, योम किप्पूरला, सकाळच्या प्रार्थनेत हाच अध्याय वाचतात. ऐन उपवासाच्या दिवशी उपवासाची झडती घेणारा अध्याय वाचण्याची प्रथा मोठी अर्थपूर्ण आहे.

रमजानचे रोजे ठेवणाऱ्या आपल्या वाचकांना या विचाराची ओळख पटण्यास वेळ लागणार नाही. नमाजाबाबत गाफील राहणाऱ्या, दिखावा करणाऱ्या आणि शेजाऱ्याला साधी वापरायची वस्तूही न देणाऱ्या नमाजींना सूरा अल्-माऊनमध्ये दिलेला इशारा, किंवा कुर्बानीचे मांस व रक्त अल्लाहकडे पोचत नसून मनातला तकवा पोचतो हा सूरा अल्-हज्जमधील बोध, आपण सर्वांनी ऐकला आहे. हजार वर्षांच्या अंतराने तोच इशारा पुन्हा द्यावा लागला, यावरून माणसाचा हा रोग किती जुना आहे हे कळते.

यशयांच्याच काळात मीखा झाले. हे मोरेशेथ या खेड्यातले. इ. स. पूर्व ७०१ मध्ये असिरियाचा सन्हेरीब यहूदावर चालून आला. ४६ तटबंदीची शहरे घेतल्याचे त्याने आपल्या लेखात नमूद केले आहे. अशा स्वाऱ्यांची पहिली झळ मीखांच्या मुलखातील खेड्यांना बसत असे. यरुशलेमचे पुढारी लाच घेऊन न्याय देतात, पुरोहित मोल घेऊन शिकवतात, उपदेशक पैसे घेऊन भविष्य सांगतात, आणि तरीही ईश्वर आपल्यात आहे, आपल्याला कसली भीती, असे म्हणतात; म्हणून हे शहर नांगरलेल्या शेतासारखे होईल, असे मीखांनी सांगितले. पवित्र शहराविषयी असे बोलणे म्हणजे जिवावर उदार होणे होते. परंतु राजा हिज्कीया याने त्यांना शिक्षा केली नाही. तो स्वतः ईश्वराला शरण गेला. ही गोष्ट पुढे एका माणसाचे प्राण वाचविणार होती.

मंदिराच्या दारात यिर्मया

इ. स. पूर्व ६०९ च्या सुमारास यहोयाकीम राजा गादीवर आला. त्या वेळी यिर्मया हे मंदिराच्या अंगणात उभे राहिले. यरुशलेमजवळच्या अनाथोथ गावच्या पुरोहित घराण्यात त्यांचा जन्म झालेला. तरुणपणी हाक आली तेव्हा, मला बोलता येत नाही, मी लहान आहे, असे सांगून त्यांनी माघार घेऊ पाहिली होती. तेच आता यात्रेकरूंना सांगू लागले की, हे मंदिर आपल्याजवळ आहे या भरवशावर राहू नका. चोरी, खून, व्यभिचार, खोट्या शपथा करून येथे येता आणि सुरक्षित आहोत म्हणता; म्हणजे तुम्ही या घराला दरोडेखोरांचा अड्डा केला आहे. हे मंदिरही उद्ध्वस्त होईल.

लोकांनी त्यांना पकडले. पुरोहितांनी आणि दरबारी उपदेशकांनी मृत्युदंडाची मागणी केली. मंदिराच्या नव्या वेशीत न्यायसभा बसली. यिर्मयांनी शब्द मागे घेतले नाहीत. मी तुमच्या हाती आहे, हवे ते करा. परंतु मला मारलेत तर निरपराध रक्ताचा दोष या शहरावर येईल, एवढेच ते म्हणाले. तेव्हा देशातील काही वडीलधारी माणसे उठली आणि त्यांनी शंभर वर्षांपूर्वीची मीखांची हकीकत सभेला सांगितली. मीखांनीही हेच म्हटले होते. हिज्कीयाने त्यांना मारले होते का? या प्रश्नाला उत्तर नव्हते. शाफानचा मुलगा अहीकाम याने आपले वजन यिर्मयांच्या बाजूने टाकले आणि ते वाचले.

याच ठिकाणी ग्रंथात उरीया नावाच्या दुसऱ्या उपदेशकाची नोंद आहे. त्यांनी हेच सांगितले. राजाच्या भीतीने ते इजिप्तला पळाले, तेथून पकडून आणले गेले आणि तलवारीने मारले गेले. दोघांचा संदेश एकच होता. एकाच्या मागे जाणते लोक उभे राहिले. दुसऱ्याच्या मागे कोणी उभे राहिल्याची नोंद नाही. सत्य बोलणाऱ्याचे नशीब पुष्कळदा ऐकणाऱ्यांच्या हिमतीवर ठरते.

आता उपवासाची तिसरी हकीकत. इ. स. पूर्व ६०४ च्या हिवाळ्यात यरुशलेममध्ये उपवास जाहीर झाला. यिर्मयांना मंदिरात जाण्यास बंदी होती. त्यांनी आपले सारे उपदेश बारूख नावाच्या लेखनिकाकडून गुंडाळीवर लिहवून घेतले होते. बारूखने ती गुंडाळी जमलेल्या लोकांना मंदिरातील गमऱ्याच्या खोलीतून वाचून दाखविली. हा गमऱ्या शाफानचा मुलगा. १९८२ मध्ये यरुशलेमच्या जुन्या भागातील उत्खननात मातीच्या मोहोरांचा एक संच सापडला; त्यांतील एकीवर शाफानचा मुलगा गमऱ्या हेच नाव आहे. बातमी राजापर्यंत गेली. राजा शेगडीपुढे बसला होता. तीन-चार रकाने वाचून झाले की तो चाकूने तेवढा भाग कापून विस्तवात टाकी. गमऱ्या आणि आणखी दोघांनी विनवले, तरी त्याने संपूर्ण गुंडाळी जाळली. इकडे प्रजेचा उपवास आणि तिकडे राजाच्या शेगडीत जळणारा उपदेश! त्यावर यिर्मयांनी काय केले? बारूखला दुसरी गुंडाळी आणण्यास सांगितले, पहिली सर्व वचने पुन्हा लिहविली, आणि त्यांत आणखी भर घातली.

याहून बोलकी हकीकत शेवटच्या वेढ्यातली आहे. बाबिलोनचे सैन्य वेशीवर आले तेव्हा राजा सिद्कीया आणि धनिकांनी मंदिरात करार करून आपल्या हिब्रू गुलामांना मुक्त केले. इजिप्तची फौज येत असल्याने बाबिलोनचे सैन्य काही काळ दूर गेले. संकट टळले असे वाटताच त्याच धनिकांनी त्याच माणसांना पुन्हा गुलाम केले. भीतीपोटी केलेल्या तौबेचे मोल किती असते, हे यिर्मयांनी तेव्हा स्पष्ट शब्दांत सांगितले.

याच वेढ्यात त्यांना चिखलाच्या आडात टाकण्यात आले. त्यांना वाचविले ते एबद-मलेख या हबशी दरबाऱ्याने. त्याने राजाची परवानगी मिळविली, आणि दोर काखेत रुतू नये म्हणून जुन्या चिंध्या आडात सोडण्याची आठवणही ठेवली. स्वकीयांनी आडात लोटावे आणि परदेशी माणसाने इतक्या हळुवारपणे वर काढावे, ही नोंदही त्या समाजाने लपवली नाही.

यिर्मया दगडाचे बनलेले नव्हते. आपली थट्टा होते, आपण एकाकी आहोत, यापुढे बोलूच नये, अशा त्यांच्या व्याकूळ प्रार्थना ग्रंथात आहेत. लोकांपुढे ते डगमगले नाहीत, कारण एकांतात ते आपल्या निर्मात्यापुढे मन मोकळे करीत होते. वाणीचे बळ इबादतीतून येत होते, आणि इबादतीची कसोटी वाणीत लागत होती. आरंभी मी दोन्हींचे मूळ एक म्हटले, ते या अर्थाने.

इ. स. पूर्व ५८६ च्या सुमारास यरुशलेम पडले, मंदिर जळाले. त्यापूर्वीच्या लाटेत बाबिलोनला नेलेल्या लोकांना यिर्मयांनी एक पत्र पाठविले होते. परक्या शहरात घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा, आणि त्या शहराचे कल्याण चिंता, कारण त्याच्या कल्याणातच तुमचे कल्याण आहे, असा त्याचा आशय होता. सर्व काही उत्तम आहे, संकट लवकरच टळेल, असे गोड बोलणारे उपदेशक तेव्हा अनेक होते. त्यांचे शब्द आज कोणी वाचत नाही.

जतन केलेले शब्द

१९४७ च्या सुमारास मृत समुद्राकाठी कुमरान येथे तआमिरा जमातीच्या मुहम्मद अज़-ज़ीब या बदू मेंढपाळाला एका गुहेत मातीच्या रांजणांत चामड्याच्या गुंडाळ्या सापडल्या. त्यांत यशयांचा संपूर्ण ग्रंथ होता. लांबी सुमारे सात मीटर, वय दोन हजार वर्षांहून अधिक. आमोस यांच्याच डोंगराळ मुलखात मेंढरे चारणाऱ्या एका मुसलमान मुलाच्या हाती हा ठेवा यावा, हा इतिहासातला एक सुंदर योग आहे.

पालक हो, इतिहास शिकून मुलाला काय मिळणार, असा प्रश्न आपण शिक्षकांना विचारता. यिर्मयांच्या न्यायसभेतील ती वडीलधारी माणसे आठवा. त्यांच्याजवळ फौज नव्हती, अधिकार नव्हता. शंभर वर्षांपूर्वी काय घडले होते एवढे त्यांना ठाऊक होते, आणि ते योग्य वेळी उभे राहून सांगण्याची हिंमत होती. त्या ज्ञानाने एक निरपराध जीव वाचला. घरात मूल जेव्हा म्हणते, ‘अब्बा, हे बरोबर नाही’, तेव्हा त्याला गप्प बसविण्यापूर्वी अमस्याची आठवण करावी. आपल्या मजुराची मजुरी, आपल्या दुकानातले माप, बहिणीचा वारसाहक्क आणि मुलीचे शिक्षण यांचा हिशेब आपल्या नमाज-रोजांच्या बरोबरीनेच मांडला जातो, हे मुलांनी घरातच पाहिले पाहिजे.

विद्यार्थी मित्रांनो, निर्भीडपणा म्हणजे उद्धटपणा नव्हे. आमोस यांनी शेजाऱ्यापाशी न थांबता स्वतःच्या माणसांची झडती घेतली. यशयांनी प्रथम स्वतःचे ओठ तपासले. यिर्मयांनी जळालेली गुंडाळी शांतपणे पुन्हा लिहविली. वर्गात, खेळात, परीक्षेच्या खोलीत जेथे चुकीची गोष्ट दिसेल तेथे आधी आपला हात स्वच्छ आहे ना हे पाहा, आणि मग नम्रपणे पण स्पष्टपणे बोला. आणि दुसरा कोणी खरे बोलत असेल व एकटा पडला असेल, तर त्याच्या शेजारी जाऊन उभे राहा. उरीयाच्या शेजारी कोणी उभे राहिले असते, तर कदाचित त्यांचीही एखादी गुंडाळी आज आपल्या हाती असती.